न धुतलेला टॉवेल

आधीच सांगून ठेवतो, हे जेवताना वाचू नका. यात पू आहे, घाण वास आहे आणि एक असा माणूस आहे ज्याची मला आज तीन वर्षांनंतरही किळस येते. तो माणूस मीच.

२००५ च्या उन्हाळ्यात, व्हर्जिनियातल्या आमच्या हर्नडनच्या घरापासून जवळच असलेल्या एका हॉस्पिटलात मी अठरा दिवस काढले. मांडीला गळू झालं होतं. ऐकायला किती किरकोळ! मिरजेला आमच्या आईने पोटीस बांधून असली कितीतरी गळवं फोडली असतील. पण हे गळू नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचं होतं. त्या जंतूला इकडे एमआरएसए म्हणतात. त्याची शास्त्रीय माहिती तुम्हाला कुठलाही डॉक्टर देईल. मी फक्त डॉक्टरांना माहीत नसलेली गोष्ट सांगणार आहे, ती म्हणजे मी काय लपवलं आणि ते कुणाला भोवलं.

कबड्डीपासून टॉवेलपर्यंत

मी मूळचा कबड्डीवाला. कॉलेजसाठी पुण्याला आलो तेव्हा एका रग्बीच्या सरांनी माझी पकड बघून मला त्यांच्या टीममध्ये ओढलं. पुढे एका दौऱ्यावर इंग्लंडला गेलो आणि तिथल्या उत्तरेकडच्या एका छोट्या क्लबने मला ठेवून घेतलं. त्यांचा खेळ रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा तेरा जणांचा प्रकार. चेंडू घेऊन समोरच्यांच्या अंगावर जायचं, ते पाडतात, उठायचं, पुन्हा जायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. मी प्रॉप होतो, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून सगळ्यात जास्त मार खाणारा. सहा हंगाम मी यावर पोट भरलं. मिरजेच्या मुलाने हे केलं याचा मला फार माज होता.

त्या क्लबात एक टॉवेल होता. कधीकाळी पांढरा असावा. सामन्याआधी सगळे गोल करून उभे राहायचे, टॉवेल हातोहात फिरायचा, प्रत्येकाने त्याला तोंड पुसायचं आणि मगच मैदानात उतरायचं. हरलो तरच तो धुवायचा. जिंकत असलो तर आठवडेच्या आठवडे तसाच, कारण धुतला तर नशीब जातं म्हणे. घाम, शेंबूड, रक्त, थुंकी, चिखल, सगळं त्यात वाळून कडक झालेलं असायचं.

पहिल्या दिवशी तो माझ्या हातात आला आणि मला उमासा आला. आमच्या घरात दुसऱ्याच्या पंच्याला हात लावला तरी आई ओरडायची. कुणाच्या उष्ट्या भांड्याने पाणी प्यायचं नाही, हे मला चालता येण्याआधी शिकवलेलं. पण सगळे बघत होते. मी डोळे मिटून तोंड पुसलं. पाठीवर धपाधप थापा पडल्या, कुणीतरी ओरडलं, आणि मी त्यांच्यातला झालो. त्या दिवशी मी किळस गिळायला शिकलो आणि त्यालाच हिंमत समजलो. नंतर तुटक्या बरगडीवर इंजेक्शन घेऊन खेळलो, गुडघ्यातून पाणी काढून घेऊन खेळलो, ते सगळं त्याच शिकवणीतलं.

वैशालीचा नवरा

गुडघे गेले, खेळ संपला. लग्न झालं. वैशाली पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. २००२ मध्ये तिला हर्नडनला नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसावर मागोमाग आलो. मला नोकरी करायची परवानगी नव्हती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारायचं, "आपण कुठल्या कंपनीत?" मी म्हणायचो, "घरी असतो." मग समोरचा माणूस एकदम समोशाकडे बघायला लागायचा.

अशात मला शेजारच्या गावातला एक हौशी क्लब सापडला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एक शाळामास्तर, असे दिवसभर राबून संध्याकाळी रग्बी लीग खेळणारे लोक. मी व्यावसायिक खेळलोय म्हटल्यावर त्यांनी मला डोक्यावरच घेतलं. मी त्यांचा बिनपगारी कोच झालो. मैदानावर पंचवीस माणसं मला "कोच" म्हणून हाक मारायची आणि मी शब्द टाकला की धावायची. घरी परतताना मी पुन्हा वैशालीचा नवरा व्हायचो, पण मधले दोन तास मी कुणीतरी असायचो. हे सांगतोय ते कारण म्हणून. सबब म्हणून नाही.

कॅप्टन होता ड्वेन. घरांची छपरं बसवायचं काम करायचा. पंजा एवढा मोठा की चेंडू त्यात हरवायचा. बोलणं कमी, आणि माझ्यावर विश्वास असा की मी सांगितलं असतं तर तो भिंतीलाही भिडला असता.

कोच झाल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? एक पांढरा टॉवेल विकत आणला.

२००५ चा हंगाम आमचा होता. एकामागून एक जिंकत गेलो, म्हणून टॉवेल धुतला गेला नाही. एकदा वैशालीने तो वॉशिंग मशीनमध्ये टाकायला उचलला तर मी तिच्यावर असा खेकसलो की आमची पाच वर्षांची ईशा रडायला लागली.

पुसलं कशाला

जुलैत माझ्या उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, लाल फोड आला. दोन दिवसांत तो लिंबाएवढा झाला. मी कुणाला दाखवला नाही. त्या शनिवारी सामना होता. कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून मी तो दोन अंगठ्यांनी पिळला. पिवळं, हिरवट, रक्तमिश्रित असं बरंच बाहेर आलं आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास होता. हाताला लागला तो कपडा घेऊन मी ते पुसलं. पुसून झाल्यावर खाली बघितलं. तो टॉवेल होता.

पुढे जे केलं ते लिहिताना आत्ताही घशाशी येतंय. मी तो भाग आत जाईल अशी टॉवेलची घडी घातली, मांडीला पट्टी मारली आणि उभा राहिलो. सगळे गोलात वाट बघत होते. सांगितलं असतं तर सामन्याआधी टॉवेल फिरला नसता, पोरांनी तोंडं वाकडी केली असती, मला हसली असती. एवढंच झालं असतं. मी टॉवेल शेजारच्याच्या हातात दिला. फिरत फिरत तो ड्वेनकडे गेला. छपरावर घसरून त्याचं उजवं मनगट ते कोपर सोलवटलं होतं. त्याने तोंड पुसलं आणि मग घाम ओघळत होता म्हणून तो हातही पुसला. मी बघत होतो. आम्ही तो सामना जिंकलो.

गुरुवारी सरावाला ड्वेनने हात पुढे केला. सोलवटलेल्या जागी लाल टेंगूळ होतं.

"कोच, हे काय असेल?"

"स्पायडर बाइट," मी म्हणालो. "क्लबच्या शेडमध्ये कोळीच कोळी आहेत. टेप मार आणि पळ."

त्याने टेप मारली आणि पळाला. माझ्या मांडीवर तस्संच टेंगूळ होतं आणि मला कुठलाही कोळी चावलेला नव्हता.

पेनाची रेघ

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात कोसळलो. अंगात ताप फणफणलेला, मांडी कढईसारखी तापलेली. वैशालीने मला कसंबसं गाडीत घातलं. इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरणीने पट्टी काढली आणि दोन पावलं मागे सरकली. एरवी मला माणसं मागे सरकवायची सवय होती. ती खेळातली गोष्ट. ही वेगळी होती.

तिने पेन काढलं आणि मांडीवरच्या लाल भागाभोवती रेघ मारली. म्हणाली, "ही लाली रेघेच्या बाहेर गेली तर आपल्याला मोठं ऑपरेशन करावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू." वैशालीने माझा हात धरला होता.

मग डॉक्टरीण म्हणाली, "खेळाडूंमध्ये हे टॉवेलांवरून वगैरे पसरतं. तुमच्या टीममध्ये आणखी कुणाला असे फोड आहेत? टॉवेल एकमेकांचे वापरता?"

"नाही," मी म्हणालो.

वैशालीने माझ्याकडे बघितलं. तिला टॉवेल माहीत होता. ती काही बोलली नाही. त्या न बोलण्यावरून आम्ही पुढे कितीतरी महिने भांडलो. ती म्हणायची, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं," आणि मी तिच्यावर चिडायचो, कारण त्याचा अर्थ मला कळत होता.

तासाभराने लाली रेघेच्या बाहेर गेली. मला ऑपरेशनला नेलं.

पिवळे गाऊन

पाय वाचला. मांडीत मूठ जाईल एवढा खड्डा राहिला. तो शिवत नाहीत. त्यात रोज गॉझची लांब पट्टी कोंबतात आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढतात. ती निघत राहते, निघतच राहते, आणि तिच्याबरोबर स्वतःचाच वास बाहेर येतो. तो वास उशीला लागला होता. जेवणाला येत होता. हॉस्पिटलचं उकडलेलं चिकन समोर आलं की मी झाकण ठेवून द्यायचो.

मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दाराला काच. आत येणारा प्रत्येकजण पिवळा गाऊन आणि हातमोजे घालून येणार आणि जाताना ते काढून डब्यात टाकून जाणार. दिवसाला वीस वेळा मी हे बघायचो, की मला भेटल्यावर माणसाला अंगावरचं फेकून द्यावं लागतं. ईशाला आत येऊ देत नव्हते. ती काचेला नाक लावून उभी राहायची.

"Mama, is Baba still yucky?" तिने एकदा विचारलं. दार अर्धवट उघडं होतं, मला ऐकू आलं. वैशाली म्हणाली, "असं नाही बोलायचं, बेटा." पण घरी तिने माझे कपडे, चादरी, सोफ्याचे अभ्रे, सगळं काळ्या पिशव्यांत भरून टाकून दिलं होतं आणि ईशाच्या अंगावरचा प्रत्येक मच्छराचा चावा ती बॅटरीच्या उजेडात तपासत होती. तिचं बरोबरच होतं.

मंडळातल्या कुलकर्णी काकू रोज मऊ भात आणि मेतकूट पाठवायच्या. स्वतः लिफ्टपाशी थांबायच्या. पहिल्याच दिवशी वैशालीला म्हणाल्या, "डबा परत नको हं आणू, राहू दे तुमच्याकडेच." आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. इथे डबाच नको होता. मला राग आला आणि मी तो भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. त्या अठरा दिवसांत पोटात टिकलं ते तेवढंच. आज मी त्यांचा ऋणी आहे. मंडळातलं लिफ्टपर्यंत येणारंही दुसरं कुणी नव्हतं.

आणि होती मारिसा, फिलिपिन्सची नर्स. ड्रेसिंग करताना तिने एकदाही नाक मुरडलं नाही. पट्टी ओढताना ती मला विचारायची, "कबड्डीत श्वास किती वेळ धरता?" आणि मी तिला दम धरून दाखवायचो, तोवर पट्टी निघालेली असायची.

भेट

बुधवारी दुपारी टीममधले चौघं भेटायला आले. शनिवारी उपांत्य सामना होता. आत एका वेळी एकालाच सोडत होते, म्हणून ड्वेन आला. काचेतून मला दिसलं, की गाऊन चढवताना मारिसाने त्याच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. तो हसला, अंगठ्याने माझ्याकडे खूण केली, काहीतरी बोलला आणि आत आला.

त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत टॉवेल. पोरांनी त्यावर जाडजूड काळ्या पेनाने सह्या केल्या होत्या.

"नशीब तुझ्याजवळ राहू दे म्हटलं," तो म्हणाला. "शनिवारपुरतं आम्ही आमचं बघू. धुतलेला नाही हां, काळजी करू नकोस."

गाऊनच्या बाहीतून त्याची टेप दिसत होती. टेपच्या दोन्ही बाजूंनी लाली बाहेर आली होती. मी रेघ कशी मारतात ते शिकलो होतो. कुठे मारावी लागेल तेही मला दिसत होतं.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य बोललो असतो तर ड्वेन शनिवारी खेळला नसता आणि त्याच्याशिवाय आम्ही हरलो असतो. शिवाय मग टॉवेलचं सांगावं लागलं असतं, आणि डॉक्टरणीला खोटं बोललो तेही. मी म्हणालो, "हात कसा आहे?"

"ठीक आहे. थोडा ठणकतो."

"टेप बदल," मी म्हणालो. "जा, जिंकून या."

तो गेला. गाऊन डब्यात टाकून गेला. पिशवी माझ्या पायथ्याच्या कपाटात राहिली.

शनिवारी ते जिंकले. फोनवर सगळे ओरडत होते आणि मी पलंगावर बसून ओरडलो.

लाल पिशवी

मंगळवारी सकाळी वैशाली आली ती गाऊन न घालताच दारात उभी राहिली. "ड्वेन इथेच आहे," ती म्हणाली. "काल ॲडमिट केलं. आयसीयूमध्ये. छातीत गेलंय. व्हेंटिलेटर लावलाय, शिरीष." मग मराठीत जेवढ्या शिव्या पुण्यातल्या शाळेत शिकवत नाहीत, तेवढ्या तिने मला दिल्या. त्यातली एकही चुकीची नव्हती.

मी डॉक्टरणीला बोलावून सगळं सांगितलं. पिळल्यापासून पिशवीपर्यंत. ती लिहून घेत होती. शेवटी तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि तो टॉवेल कुठे आहे?" मी कपाट दाखवलं. मारिसाने तो दोन बोटांनी उचलून लाल पिशवीत टाकला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचं नाक मुरडलेलं बघितलं. ते टॉवेलमुळे नव्हतं.

दुपारपर्यंत टीममधल्या प्रत्येकाला फोन गेला. आणखी तिघांना फोड निघाले, ते वेळेत औषधाने बरे झाले. फोन करायला मला अकरा दिवस मिळाले होते.

आईला फोन केला. म्हटलं, आई, मी दुसऱ्याच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि दुसऱ्यांना पुसायला लावलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगत नव्हते का. ती म्हणाली, "त्या मुलाची आई आहे का रे तिथे? तिला कुणी जेवायला विचारलं का?" मी फोन ठेवून दिला.

ज्यांना हे लागू पडतं त्यांच्यासाठी

हा प्रकार कळल्यापासून मला पत्रं येतात, बहुतेक खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांची. त्यांना मी एवढंच लिहितो. फोड दाखवा. लाज वाटली तरी दाखवा. डॉक्टरने टॉवेलचं विचारलं तर खरं सांगा. "सहन करतो तोच खरा खेळाडू" असं मुलाला सांगणारा कोच भेटला तर मुलाला दुसरीकडे घाला. किळस वाटणं हे नाजूकपणाचं लक्षण नाही. मला ती वाटत होती तोवर मी धड होतो.

बरे झाल्यावर आयुष्य सुंदर दिसतं असं या प्रकारच्या लेखांत लिहायची पद्धत आहे. मला दिसलं नाही. पायाचा खड्डा भरला, ईशा पुन्हा मांडीवर बसायला लागली, आणि मी कोचिंग सोडलं. क्लबनेही थांब म्हटलं नाही.

ओसरी

ड्वेन वाचला. एक फुप्फुस अर्धं निकामी झालं आणि उजव्या हाताचा स्नायू कापून काढावा लागला. त्या हातात आता हातोडी धरता येत नाही. छपरांचं काम गेलं.

सप्टेंबरात मी काठी टेकत त्याच्या घरी गेलो. त्याला डॉक्टरांनी टॉवेलचं सांगितलं होतं, पण घडी कशी घातली ते सांगितलं नव्हतं. ते मीच सांगायला हवं होतं. त्याच्या ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. कोळ्याचं, घडीचं, बुधवारी टेपच्या बाहेर मला काय दिसलं होतं त्याचं. माफी मागितली. ती मागतानाही मला स्वतःच्या आवाजाची किळस येत होती.



"त्या बुधवारी तुझ्या नर्सने मला दारात थांबवलं होतं," तो म्हणाला. "म्हणाली, या हाताचं काय झालंय? खालच्याच मजल्यावर इमर्जन्सी आहे, दहा मिनिटं जाऊन दाखवून ये. मी हॉस्पिटलमध्येच उभा होतो, कोच. एक मजला उतरायचा होता."

"मग?"

"मी तिला म्हटलं, गरज नाही. कोचने बघितलंय."

एवढं बोलून तो उठला आणि डाव्या हाताने दार उघडून आत गेला.